शेवटचा बाक गातोय का?

जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी लॅपटॉप, स्वतःचा मोबाइल आणि आईचा मोबाइल असे तीन स्क्रीन एकदम उघडून बसलेले तुमच्यातही असतीलच. त्याआधी २०१७ मध्ये जस्टिन बीबर आणि २०१९ मध्ये यूटू याच मैदानावर येऊन गेले. त्यामुळे नवी मुंबईत लाइव्ह म्युझिक म्हणजे हेच, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण रविवारी सकाळी सातच्या सुमारास हार्बर लाइनच्या लोकलमध्ये नीट बघा. पाठीवर गिटारची बॅग, हातात कीबोर्डचा स्टँड आणि डोळ्यांत अर्धी झोप असलेली पोरं-पोरी दिसतील. चर्चची म्युझिक टीम. यांना मानधन नाही, यांच्या कार्यक्रमाला तिकीट नाही, आणि गाणं संपल्यावर टाळ्या वाजतीलच असंही नाही. वर्षाचे बावन्न रविवार, शिवाय नाताळ, ईस्टर, लग्नं आणि अंत्यविधी. कुठला कॉलेज बँड वर्षाला एवढ्या वेळा वाजवतो, सांगा!

अशी टीम चालवायची जबाबदारी अनेकदा विशीतल्या कुणावर तरी येऊन पडते. नेमणूकपत्र वगैरे नसतं. आधीचा लीडर कॅनडाला जातो, किंवा आधीची लीडर लग्न होऊन बंगळुरूला जाते, आणि फादर किंवा पास्टर म्हणतात, ‘आता तूच बघ.’ तुम्हाला गिटार वाजवता येते, हे त्यांना माहीत असतं. माणसं सांभाळता येतात का, हे तुम्हालाही माहीत नसतं.

ख्रिस्ती नसलात तरी पान उलटू नका. भजनी मंडळ, ढोल-ताशा पथक, एकांकिकेची टीम, यांतलं काहीही चालवत असाल तर पुढचं बरंचसं ओळखीचं वाटेल.

शहर नवं, गाणी जुनी

सिडकोची स्थापना १९७० ची. खाडीवरून लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. म्हणजे हे शहर आपल्या आई-बाबांपेक्षाही तरुण. इथल्या चर्चमध्ये येणारी कुटुंबं मात्र जुनी गाणी सोबत घेऊन आली. कुणी गोव्याचं, कुणी मंगळूरचं, कुणी वसईचं, कुणी अहिल्यानगरकडचं, कुणी केरळचं. कॅथलिक, सीएनआय, मार थोमा, ऑर्थोडॉक्स, पेंटेकोस्टल असे पंथही अनेक. सिरो-मलबार कॅथलिकांसाठी तर कल्याण हा वेगळा धर्मप्रांत १९८८ मध्येच झाला. त्यामुळे एकाच टीममध्ये गोवन गिटारिस्ट, मल्याळी कीबोर्डवाली आणि नगरकडचा तबलजी असणं इथे नवलाचं नाही.

यातला प्रत्येक जण वेगळी शिदोरी घेऊन येतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवलं जायचं. शिकवणारे ‘मेस्त’ म्हणजे गावच्या चर्चचे गायनमास्तर. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे इतके वादक कुठून आले, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी या शाळांत आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. त्यांचे वडील गावच्या चर्चचे गायनमास्तर होते. मुंबईत अँथनी यांनी ज्यांना व्हायोलिन शिकवलं, त्यांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल होते. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात गुरूंचं नाव आलं, ते असं.

नगरकडची शिदोरी वेगळी. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) शाळेत ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून भेटतात, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे घरातल्या माणसासारखे ओळखीचे होतात. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी मराठी चर्चसाठी मोठ्या संख्येनं गीतं लिहिली. परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरांऐवजी अभंग, ओवी, भजन, कीर्तन या आपल्या वाटेनं ते गेले. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची कितीतरी गीतं आहेत. त्याहून मागे गेलात तर १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ भेटतं. इंग्रज माणसानं मराठीत रचलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या!

थोडक्यात, टीम तुमच्या हातात येते तेव्हा तुम्ही चारशे वर्षांच्या रांगेत सगळ्यात पुढे उभे असता. घाबरू नका, पण एवढं लक्षात असू द्या.

वाजवायचं कुणासाठी?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण टीममधली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. ड्रमरला सोलो हवा असतो, गायिकेला वरची तान घ्यायची असते आणि खाली बाकांवर बसलेले लोक तोंड मिटून बघत असतात.

कॅथलिक चर्चचा इतिहास इथे मजेशीर आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी नियमावली काढली आणि चर्चमध्ये पियानो नको, ड्रम-झांजांसारखी गोंगाटाची वाद्यं नकोत, असं बजावलं. बायकांनी गायकवृंदात बसणंसुद्धा त्यात वर्ज्य होतं. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यानंतर लॅटिनच्या जोडीला लोकांच्या भाषा आल्या आणि स्थानिक वाद्यांनाही दार उघडलं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमलेल्या लोकांचा सक्रिय सहभाग. लोकांनी गाणं ऐकून घरी जायचं नाही, ते गायचं.

म्हणजे आज चर्चमध्ये मुलीनं गिटार घेऊन मराठीत गाणं सुरू केलं, तर त्यातल्या तिन्ही गोष्टी, ती मुलगी, ती गिटार आणि ती मराठी, कधीतरी दाराबाहेर होत्या. त्या आत आल्या त्या सगळ्यांना गाता यावं म्हणून. स्टेज मिळावं म्हणून नव्हे.

यातून टीमसाठी एक साधी परीक्षा निघते. ओळखीच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं थांबवा. चर्च गात राहिलं, तर तुमचं बरोबर चाललंय. शांतता पसरली, तर आतापर्यंत फक्त तुम्हीच गात होता. ऐकताना पहिल्या बाकाकडे बघू नका, तिथे आपलेच नातेवाईक बसलेले असतात. कान द्यायचा तो शेवटच्या बाकाला.

पट्टी खाली आणा

लोक का गात नाहीत? श्रद्धा कमी झाली, मोबाइलनं वाट लावली, वगैरे कारणं मोठी माणसं सांगतील. त्याआधी पट्टी तपासा.

आपण गाणी उचलतो यूट्यूबवरून. तिथला गायक तयारीचा असतो, वरच्या पट्टीत गातो आणि शेवटी आणखी एक सप्तक चढतो. बाकावरच्या काकांचा आवाज सकाळी साडेसातला उघडलेलाही नसतो. गाण्यातला सर्वांत वरचा स्वर बायकांसाठी कीबोर्डच्या मधल्या ‘सी’च्या वरच्या ‘सी’ किंवा ‘डी’पर्यंतच जाईल, असं बघा. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातील. पेटीवाल्यांच्या भाषेत, वरच्या सप्तकातल्या पांढरी एक-पांढरी दोनच्या पुढे जाऊ नका. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतंच. गिटारवाल्यांनी मात्र लक्षात ठेवावं की कॅपो पट्टी वर नेतो, खाली नाही. खाली यायचं तर कॉर्ड बदलावे लागतात, आणि ते घरी बसून करायचं काम आहे.

दुसरं कारण म्हणजे नवीन गाण्यांचा मारा. दर रविवारी नवं गाणं आणलंत तर लोक दर रविवारी श्रोतेच राहणार. महिन्याला एक नवं गाणं पुरे. ते सलग तीन रविवार घ्या, आणि पहिल्या रविवारी उपासना सुरू होण्याआधी पाच मिनिटं फक्त धृपद शिकवा. बाकीची गाणी त्यांच्या ओळखीचीच ठेवा.

माणसं निवडताना

टीममध्ये कुणाला घ्यायचं? आवाज हवाच. पण एकेकट्याचे उत्तम आवाज एकत्र आले की टीम होतेच असं नाही. ऑडिशन घ्यायची तर तीन गोष्टी बघा: दिलेला सूर पकडता येतो का, वेळेवर येतो का, आणि दुसरा गात असताना त्याचं ऐकतो का. तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ असते.

आता अवघड भाग. प्रत्येक चर्चमध्ये एक तरी आंटी किंवा अंकल असतात, जे पंचवीस-तीस वर्षं पुढच्या माइकवर गाताहेत. आवाज आता हलतो, सूर सुटतो. टीममधली पोरं एकमेकांकडे बघून हसतात आणि एक दिवस कुणीतरी तुम्हाला सांगतं, त्यांना बंद कर ना. लीडर म्हणून तुमची परीक्षा इथे आहे. कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण इथे कामाला येत नाही.

माइक गुपचूप बंद करणं हा सोपा मार्ग आहे आणि तो वाईट आहे. त्यांना कळतं. सगळ्यांना कळतं. आणि टीममधला प्रत्येक जण मनात नोंद करून ठेवतो की माझा आवाज गेला की माझंही हेच होणार. त्यापेक्षा घरी जा, चहा घ्या आणि सरळ बोला. एकल ओळी आता नव्यांना देऊ या, तुम्ही मात्र समूहात आमच्या मध्ये उभ्या राहा, असं स्वच्छ सांगा. समूहात तो आवाज सामावला जातो. आणि एक काम खरंच त्यांच्याकडून करून घ्या: जुन्या चाली. अनेक जुन्या गीतांचे शब्द पुस्तकात असतात, पण कुठे थांबायचं, कुठे मात्रा लांबवायची, हे फक्त अशा माणसांच्या गळ्यात असतं. मोबाइल काढा आणि रेकॉर्ड करा. पाच वर्षांनी ते कुठल्याही यूट्यूब चॅनलवर सापडणार नाही.

टीममध्ये शाळकरी मुलं असतील तर तालमीला दोन मोठी माणसं हजर असावीत आणि रात्री मुलं घरी कशी जाणार, हे आधी ठरलेलं असावं. यावर आई-बाबांना कधी प्रश्न विचारायची वेळ येऊ नये.

तालीम, मेगाब्लॉक आणि सोसायटी

नवी मुंबईत टीम चालवायची म्हणजे वेळापत्रकाशी कुस्ती. एक जण ऐरोलीत नाइट शिफ्टला, एक महापेला सेकंड शिफ्टला, दोघांच्या सेमिस्टर परीक्षा, आणि रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक! म्हणून महिन्याचा रोस्टर महिना सुरू व्हायच्या आधी लावा. प्रत्येक वाद्याला पर्यायी माणूस ठेवा, आणि ब्लॉक जाहीर झाला की शनिवारीच ठरवा, कोण कुणाच्या गाडीतून येणार. ग्रुपवर शंभर मेसेज टाकण्यापेक्षा एकच टाका: गाणी, पट्टी, वेळ.

घरचा सराव आणि तालीम यांत गल्लत करू नका. शब्द आणि कॉर्ड पाठ करायचे घरी, तालमीला फक्त जुळवणी. दीड तास पुरतो. पहिली दहा मिनिटं गळा मोकळा करणं, मग सगळ्यात अवघड गाणं, मग बाकीची, आणि शेवटी सुरुवात-शेवट-मधले दुवे. चुका सहसा गाण्याच्या पोटात होत नाहीत. दोन गाण्यांच्या सांध्यात होतात. फ्लॅटमध्ये तालीम असेल तर ड्रमऐवजी काहोन घ्या, तोही हळू. सोसायटीच्या सेक्रेटरीशी मैत्री ही बारावी मात्रा नसली तरी तालासाठी आवश्यक आहे.

गाण्यांची निवड त्या दिवसाच्या वाचनांवरून करा. कॅथलिक मिस्सामध्ये प्रवेश, अर्पण, ख्रिस्तप्रसाद आणि समारोप या प्रत्येक जागेला वेगळं गाणं लागतं. कॅलेंडरही पाळायचं असतं. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात रविवारी ‘ग्लोरिया’ गात नाहीत. उपवासकाळात ‘आलेलुया’ही नाही, आणि चौथा रविवार किंवा एखादा सण सोडला तर वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती वाजतात. नव्या ड्रमरला हे फेब्रुवारीतच समजावून सांगा. चाळीस दिवस हात आवरायचे म्हणजे त्याच्यासाठी खराखुरा उपवास.

शिट्टी का वाजते?

साउंड. काँक्रीटचा हॉल, गुळगुळीत फरशी, उंच छत. रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवा आणि ती विरायला किती वेळ लागतो ते ऐका. जितका जास्त वेळ, तितकं गाणं संथ घ्या आणि वाद्यं कमी ठेवा, नाहीतर शब्दांचा चिखल होतो. लोक भरले की आवाज थोडा सुका होतो, हेही धरून चला.

माइकमध्ये शिट्टी येते, कारण स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून गोल फिरत राहतो. माइक स्पीकरच्या मागे राहील असं बघा, तोंड माइकजवळ न्या आणि मिक्सरवर गेन कमी करा. नको असलेले माइक बंद. आणि सगळ्यांनी ‘मला माझा आवाज येत नाही’ म्हणून एकेक करत आवाज वाढवला की शेवटी कुणालाच कुणाचा येत नाही. वाढवायच्या आधी बाकीचे कमी करून बघा.

नाताळच्या कॅरोलसाठी बाहेर पडणार असाल तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम माहीत हवेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते कोणते हे आधी बघून घ्या. घरोघरी जाऊन एक गिटार आणि दहा गळ्यांवर कॅरोल गायला लाउडस्पीकर लागतो कशाला, हाही प्रश्न आहेच.

आणखी एक कायद्याची गोष्ट. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर केलं तर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार तो भंग ठरत नाही. पण तेच गाणं रेकॉर्ड करून चॅनलवर टाकणं ही वेगळी बाब आहे, त्यासाठी परवानगी लागू शकते. उपासनेचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या टीमनी हे विसरू नये.

पेटी विरुद्ध गिटार?

आता थोडं मराठीबद्दल. आपल्या पिढीतली बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली. मराठी बोलतो, पण देवनागरी वाचताना अडखळतो. त्यामुळे टीममध्ये हळूहळू इंग्रजी-हिंदी गाणी वाढतात आणि ‘उपासना संगीत’ कपाटात जातं. आजी मात्र त्याच पुस्तकासाठी चर्चला येते. एके दिवशी तिला जाणवतं की तासभरात तिला गाता येईल असं एकही गाणं झालं नाही. ती तक्रार करत नाही, फक्त गप्प बसते. शेवटच्या बाकाची शांतता ती हीच.

उपाय अवघड नाही. स्क्रीनवर मराठी गाण्याच्या ओळी दोन्ही लिप्यांत लावा. दर रविवारी किमान एक जुनं गीत, मूळ चालीत. गिटारला त्याचं वावडं असायचं कारण नाही. केरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, ते चारच्या स्ट्रमिंगमध्ये सहज बसतात. दादरा सहा मात्रांचा, त्याला सहा-आठची चाल लावा. चाल रागावर आधारलेली असेल तर प्रत्येक स्वराखाली कॉर्ड कोंबू नका. षड्ज-पंचम धरून ठेवा आणि पेटीला पुढे जाऊ द्या. तबलजीला विचारा, तो सांगेल. आणि पुढच्या आठवड्यात त्याच तबल्यावर एखादं नवं इंग्रजी गाणं करून बघा. आजी तेही गुणगुणेल.

तुमच्यानंतर कोण?

नवी मुंबई हे जाणाऱ्या-येणाऱ्यांचं शहर आहे. तुमचीही नोकरी लागेल, व्हिसा येईल, लग्न होईल. लीडर म्हणून आपण किती छान होतो, हे आपण असताना कळत नाही. आपण गेल्यावर तिसऱ्या रविवारी कळतं. गाण्यांची फाइल तुमच्याच लॅपटॉपवर, मिक्सरचं सेटिंग तुमच्याच डोक्यात आणि सुरुवातीचा इशारा तुमच्याच मानेत असेल, तर तुम्ही टीम नाही, स्वतःभोवती गर्दी जमवली.

म्हणून सगळं लिहून ठेवा, जिथे सगळ्यांना सापडेल तिथे. प्रत्येक वादकाशेजारी एक शिकणारा बसवा. आणि महिन्यातून एक रविवार दुसऱ्या कुणाला तरी नेतृत्व द्या. तुम्ही त्या दिवशी रजा घेऊ नका. बाकावर बसा, शेवटच्या. तिथून टीम कशी ऐकू येते ते ऐका, शेजारचे काका गाताहेत का ते बघा, आणि ते गात नसतील तर आधी तुम्ही गायला लागा.